गाडीची जागा माणसाला देताना

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या वेळी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ढंग मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

जेवणं आटोपून, ओटा पुसून बसला असाल तर एक वही आणि पेन जवळ घ्या. आज थोडी मापं सांगणार आहे. विषय आहे घराच्या गॅरेजची राहण्याची खोली करण्याचा.

आता तुम्ही म्हणाल, हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला? तर ती खोली बहुतेक वेळा घरातल्या बाईसाठीच होते. वरच्या मजल्यावर चढवत नाही अशी सासू, माहेरी परत आलेली मुलगी, नाहीतर शिवणकामाला किंवा शिकवणीला जागा हवी असलेली सून. दिवसाचे वीस-बावीस तास त्या खोलीत कोण काढणार, ते आधी डोळ्यांपुढे आणा आणि मग पुढचं ऐका.

मी गेली अनेक वर्षं घरांचे नकाशे काढून देते, कामाचे अंदाजपत्रक करून देते. दुसऱ्यांना चार गोष्टी समजावून सांगते. पण स्वतःच्या घरी मात्र मी चूक केली, आणि तीच आज सांगणार आहे. माझ्या चुकीतून तुमचे पैसे वाचले तर बरंच.

आमचं घर साताऱ्याजवळ, एका कॉलनीत. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन झोपायच्या खोल्या, आणि हॉलला लागून गॅरेज. सासूबाईंचं वय तेव्हा 76. दिवाळीनंतर त्या जिन्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण जिना चढणं बंद झालं. मग घरात सगळ्यांना एकदमच सुचलं, की गॅरेज आहे की! गाडी काय, बाहेर उभी राहील.

झालं. महिन्याभरात शटर काढून विटांची भिंत बांधली, एक खिडकी बसवली, जुन्या कोब्यावरच चकचकीत फरशी टाकली, भिंतींना पुट्टी आणि फिकट गुलाबी रंग. संक्रांतीला सासूबाई नव्या खोलीत आल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी खोलीचं इतकं कौतुक केलं, की मलाही वाटलं, काम चांगलं झालं.

जून गेला, आषाढ लागला. फरशीला सकाळी घाम सुटल्यासारखा दिसायचा. मग भिंतीच्या खालच्या फूटभर पट्ट्यात रंगाचे पोपडे निघाले. एके दिवशी गादी उन्हाला टाकायला उचलली, तर खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके. सासूबाईंना महिनाभर खोकला होता आणि आम्ही हवामानाला दोष देत होतो. मी म्हटलं, “आई, अहो सांगायचं नाही का?” तर त्या म्हणाल्या, “तुम्ही एवढा खर्च केलात, कसं सांगू? आणि गाडीनं कधी तक्रार केली नव्हती, मग मी कशी करू?”

त्यांनी ते हसत सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण मुद्दा नेमका तोच होता. ती जागा गाडीसाठी बांधलेली होती. गाडीला ओल बाधत नाही, उकडत नाही, रात्री उठावं लागत नाही. आम्ही रंग बदलला, जागा बदललीच नाही.

मग काय काय बदलावं लागतं? एकेक बघू.

आधी कागद

तुमचं स्वतंत्र घर असेल तर मंजूर नकाशा कपाटातून बाहेर काढा. त्यात ती जागा “पार्किंग” किंवा “गॅरेज” म्हणून दाखवलेली असते. साधारणपणे पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्रात, धरलेलं नसतं. तिथे माणूस राहायला लागला की ते धरावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न हा, की तुमच्या प्लॉटवर तेवढं चटई क्षेत्र शिल्लक आहे का?

दुसरा प्रश्न, गॅरेज नेमकं कुठे आहे? घराच्या मुख्य आराखड्यात असेल तर मार्ग निघू शकतो. पण ते बाजूच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत, म्हणजे सामासिक अंतरात असेल, तर तिथे राहण्याच्या खोलीला मंजुरी मिळण्याची आशा धरू नका. ते अंतर उजेड-वाऱ्यासाठी आणि आगीच्या वेळी जाता यावं म्हणून सोडलेलं असतं. तिसरा प्रश्न, गाडी कुठे लावणार? नियमाने लागणारी पार्किंगची जागा प्लॉटमध्ये दुसरीकडे दाखवावी लागते. “रस्त्यावर लावू” हे उत्तर चालत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा आहे. त्यात नुसतं बांधकामच नाही, तर इमारतीच्या वापरातला मोठा बदल हासुद्धा “विकास” धरला जातो, आणि त्याला परवानगी लागते. शिवाय डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग वगळून राज्यात एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तुम्ही ती वाचत बसायची गरज नाही. परवानाधारक अभियंत्याला किंवा वास्तुविशारदाला नकाशा दाखवा आणि ज्या कार्यालयाने मूळ नकाशा मंजूर केला, तिथेच सुधारित नकाशा दाखल करा. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. पुढे घर विकताना, वाटणी करताना किंवा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर हाच कागद उपयोगी पडतो.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी उत्तर थोडक्यात आहे. इमारतीखालच्या खांबांमधली जागा बंद करून खोली करू नका. ऑगस्ट 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही. म्हणजे ती जागा सगळ्यांची आहे. तिथे भिंत घालायचा अधिकार एकट्या घराला नाही.

जमीन: सहा इंच आणि अठरा इंच

आता माझी खरी चूक. वहीत दोन आकडे लिहून घ्या, 6 आणि 18.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराचं जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर, म्हणजे 18 इंच उंच असावं असं सांगितलंय. गॅरेजला मात्र 15 सेंटिमीटर पुरतात, म्हणजे 6 इंच. गाडी आत चढायला पाहिजे ना! म्हणून गॅरेज घरापेक्षा साधारण फूटभर खाली असतं. उतारसुद्धा बहुधा शटरकडे दिलेला असतो, गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून.

या फूटभराचा परिणाम काय होतो पाहा. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. ती अडवण्यासाठी घर बांधताना जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा एक ओलरोधक थर देतात. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. काही घरांत तिथे जोत्याचा बीम असतो. हा थर घराच्या जमिनीच्या पातळीला असतो. पण गॅरेजची जमीन त्याच्या फूटभर खाली. म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहिलं की भिंतीचा खालचा फूटभर भाग त्या थराच्या खाली येतो. तिथे ओल अडवायला काहीच नाही. आमच्या भिंतीवर पोपडे बरोबर फूटभर उंचीपर्यंतच का आले, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. रंगवाल्याचा त्यात काही दोष नव्हता. पुट्टी आणि रंग मारून ओल थांबत नाही, फक्त काही महिने दिसत नाही. पीओपी किंवा लाकडी पॅनेल लावलं तर आणखी उशिरा दिसते, आणि तोवर आत बुरशी धरलेली असते.

तुमच्या गॅरेजमध्ये ओल आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. जाड प्लॅस्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा घ्या. जमीन झाडून, पुसून कोरडी करा आणि तो तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा, हवा आत जाता कामा नये. चोवीस तासांनी उचला. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा जमिनीवर काळसर डाग दिसला, तर ओल जमिनीतून येतेय. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील, तर हवाच दमट आहे आणि खेळती हवा हवी. ही तपासणी पावसाळ्यात करा. एप्रिलमध्ये सगळीच गॅरेजं कोरडी असतात. आम्ही जानेवारीत खोली पाहिली आणि फसलो.

मग उपाय काय? जमीन घराच्या पातळीला आणायची. आम्ही दुसऱ्यांदा तेच केलं. पावसाळा संपल्यावर नवी फरशी उखडली. ती उखडताना जीव हळहळला, पण इलाज नव्हता. खाली गाडीच्या ऑइलचे डाग होते, तो कोबाही खरवडून काढला. त्यावर कठीण मुरूम थराथराने टाकला, दर थराला पाणी मारून धुमसून घेतला. मग दगडांचं सोलिंग, त्यावर वाळूचा पातळ थर, म्हणजे दगडाचं टोक वर टोचणार नाही. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, जोडावर एकावर एक चांगला चढवून आणि कडेला भिंतीवर डीपीसीच्या पातळीपर्यंत वर वळवून. मग चार इंच काँक्रीट, त्यावर आठवडाभर पाणी, आणि ते नीट वाळल्यावर खरखरीत फरशी. चकचकीत फरशी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत नकोच.

यात एक फायदा आपोआप झाला. खोली आणि हॉल एका पातळीला आले. मधली पायरी गेली. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला ती एक पायरी म्हणजे डोंगर असतो.

पण भर घालण्यापूर्वी उंची मोजा. राहत्या खोलीची उंची जमिनीपासून छतापर्यंत किमान 2.75 मीटर, म्हणजे साधारण 9 फूट असावी असं संहिता सांगते. आमचं गॅरेज घराच्याच स्लॅबखाली होतं, उंची 11 फूट. फूटभर भर घातली तरी 10 उरली. पण तुमचं गॅरेज वेगळं, बुटक्या छताचं असेल, समजा साडेआठ फूट, तर भर घातल्यावर साडेसात उरतील. पंखा डोक्याशी येईल आणि उन्हाळ्यात भट्टी होईल. अशा वेळी छत उचलण्याचा खर्च काढा, नाहीतर हा विचारच सोडून द्या.

शटरच्या जागची भिंत

शटर काढलं की मोठं भगदाड पडतं. मिस्तरी म्हणतात, “वहिनी, दोन दिवसांत वीट लावून देतो.” त्यांना एकच विचारा, भिंत कशावर उभी करणार? खाली जोत्याचा बीम असेल तर त्यावर. नसेल तर पाया खणून. नुसत्या कोब्यावर भिंत चढवली तर ती खचते आणि जुन्या भिंतीशी जिथे जुळते तिथे उभी भेग जाते. काळ्या मातीत तर नक्कीच, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते.

बाहेरून येणाऱ्या रस्त्याचा उतारही पाहा. गाडीसाठी केलेला उतार कधी कधी पाणी घराकडेच आणतो. उतार फिरवून घ्या, किंवा भिंतीबाहेर जाळीची चर काढून पाणी गटारात सोडा.

हॉलमधून खोलीत यायला दार आहे का? आमच्याकडे नव्हतं. पहिल्या वेळी आम्ही ते केलंच नाही. सासूबाईंना हॉलमध्ये यायचं तर अंगणातून वळसा, पावसात छत्री. म्हणजे एका घरात राहून त्या बाहेरच्या झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी आधी दार काढलं. पण भिंत फोडण्यापूर्वी ती भार पेलणारी आहे का, हे अभियंत्याकडून पाहून घ्या. दारावर लिंटेल हवंच, दोन्ही बाजूंना किमान 6 इंच टेकलेलं. दाराची रुंदी 3 फूट ठेवा, म्हणजे वॉकर आणि चाकाची खुर्ची सहज जाते.

हवा, उजेड आणि ऊन

गॅरेजला तीन बाजूंनी बंद भिंती असतात. खिडकी किती मोठी हवी याचाही हिशेब आहे. खिडक्यांचं एकूण क्षेत्र कोरड्या उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्राच्या दहावा हिस्सा तरी असावं, आणि दमट उष्ण प्रदेशात, म्हणजे कोकणासारख्या भागात, सहावा हिस्सा. समजा गॅरेज 10 फूट बाय 18 फूट आहे, म्हणजे 180 चौरस फूट. तर कोरड्या भागात 18 चौरस फूट आणि दमट भागात 30 चौरस फूट खिडकी हवी. चार बाय चारच्या दोन खिडक्या केल्या की 32 होतात. त्या शक्यतो समोरासमोर ठेवा. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्या तर वारा आत येतो, पण त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही.

गॅरेजचं छत पत्र्याचं असेल तर आधी छताचा विचार करा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते फोडू नका, कापू नका, भोकं पाडू नका. ती धूळ फुप्फुसात गेली तर फार घातक असते. काढायचे तर ओले करून, अख्खे, माहीतगार माणसाकडून काढून घ्या. स्लॅब असेल आणि वर मजला नसेल, तर ब्रिकबॅट कोबा नीट करून घ्या आणि वर पांढरा थर द्या. पांढऱ्या गच्चीखालची खोली उन्हाळ्यात कमी तापते.

वीज आणि वास

गॅरेजमध्ये वीज किती असते? एक दिवा, एखादा प्लग. त्याच वायरीवर पंखा, टीव्ही, गिझर जोडू नका. मुख्य बोर्डापासून वेगळं सर्किट, नीट अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या. शॉक बसला तर तो क्षणात वीज तोडतो. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर गॅरेजमध्ये असेल तर तो बाहेर हलवा.

इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा त्या खोलीत नको. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, तो पेट घेणारा असतो. पेट्रोलचा डबा, कीटकनाशक, थिनर, जादा सिलिंडर, असं सगळं सामान आधी बाहेर. आणि निम्म्या गॅरेजमध्ये खोली, निम्म्यात गाडी असा बेत असेल, तर मधली भिंत छतापर्यंत पक्की बांधा, वर फट ठेवू नका. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही.

संडास-न्हाणी

आजारी माणसाच्या खोलीला लागून संडास हवा, हे खरं. पण आधी बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून पाहा. मैलापाण्याच्या चार इंची पाइपाला दर चार फुटांना साधारण एक इंच उतार लागतो. चेंबर 20 फूट लांब असेल तर 5 इंच उतार फक्त पाइपातच जाणार. शिवाय भांड्याखालच्या ट्रॅपची खोली वेगळी. गॅरेजची जमीन खाली असल्यामुळे हा उतार बऱ्याचदा मिळत नाही, आणि मोठ्या पावसात चेंबर तुंबला की पाणी उलटं खोलीत येतं. जमीन वर उचलण्याचा हा तिसरा फायदा. गवंड्याकडे पारदर्शक पाण्याची नळी असते, तिने दोन्ही ठिकाणची पातळी दहा मिनिटांत कळते. भांडं विकत आणण्यापूर्वी हे करून घ्या.

संडासाचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. भांड्याच्या बाजूला भिंतीत पक्की दांडी बसवा. टॉवेलची दांडी नव्हे, माणसाचं वजन पेलणारी.

आता माणूस

दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा मी वही घेऊन सासूबाईंपुढे बसले. पहिल्या वेळी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. भिंतीचा गुलाबी रंगसुद्धा माझ्याच आवडीचा. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मला फाटक दिसू दे. कोण आलं, कोण गेलं ते कळू दे.” एवढंच. पहिल्या खोलीत खिडकी होती, पण ती कंपाउंडच्या भिंतीकडे उघडायची. पलंगावरून फक्त सिमेंट दिसायचं.

मग एक खिडकी फाटकाकडे केली आणि तिची चौकट खाली घेतली, पलंगावर टेकून बसलं तरी बाहेर दिसेल अशी. पलंगावरून हाताला येईल असं दिव्याचं बटण. एक घंटी, जी स्वयंपाकघरात वाजते. अंगणात उतरायला पायऱ्यांऐवजी उतार. त्याचंही माप आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जागा नाही म्हणून आखूड उतार केला तर चाकाची खुर्ची खाली घसरते आणि वर ढकलणाऱ्याची कंबर जाते.

पहिल्या वेळी काम महिन्याभरात उरकलं होतं. दुसऱ्या वेळी दोन महिने लागले आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला, कारण आधी केलेलं फोडावं लागलं. तोवर सासूबाई हॉलमध्ये झोपल्या, पडदा लावून. आणि तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली, तीही प्रामाणिकपणे सांगते. हॉलमध्ये त्या खूश होत्या! येणारा-जाणारा बोलायचा, नातवंडं तिथेच अभ्यासाला बसायची. म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी सांगते, गॅरेजला हात लावण्यापूर्वी पंधरा दिवस हॉलचा अर्धा भाग पडद्याने वेगळा करून पाहा. बैठक गॅरेजच्या ओसरीत जाऊ शकते, माणूस घरात राहू शकतो. चटई क्षेत्र शिल्लक नसेल, छत बुटकं असेल किंवा पावसात तिथे पाणी साचत असेल, तर हाच मार्ग बरा. त्यात कमीपणा काहीच नाही.

गॅरेजच करायचं ठरलं, तर कामाचा क्रम लिहून घ्या. आधी नकाशा आणि परवानगी. मग पावसाळ्यात प्लॅस्टिकची तपासणी आणि पाणी कुठून येतं ते पाहणं. पावसाळा संपल्यावर छत, मग भर आणि जमीन. मग भिंत, दार, खिडक्या. मग पाइप आणि वायरी. गिलावा पूर्ण वाळू द्या. रंग सगळ्यांत शेवटी. पैसे कमी पडले तर रंग राहू दे, पुट्टी राहू दे, साधा चुना मारा. पण जमिनीखालच्या प्लॅस्टिकमध्ये आणि अर्थिंगमध्ये काटकसर करू नका. फरशी घातल्यावर ते दिसत नाही, म्हणून तिथेच काटकसर होते.

आमच्या खोलीला आता तीन पावसाळे झाले. भिंत कोरडी आहे. सासूबाई 80 च्या घरात आल्यात. सकाळी नऊला खिडकीशी बसतात आणि भाजीवाली फाटकाशी आली की माझ्याआधी त्यांनाच कळतं. भावही त्याच करतात. आमचे हे अजून कधी कधी त्या खोलीला “गॅरेज” म्हणतात. त्यावर सासूबाईंनी त्यांना सांगून ठेवलंय, गॅरेज म्हणशील तर तुझी गाडी आत घेणार नाही.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी एक टेप घ्या आणि चार मापं काढा. घराच्या जमिनीपासून गॅरेजची जमीन किती खाली, गॅरेजची उंची किती, लांबी-रुंदी किती आणि चेंबर किती लांब. ही चार मापं आणि मंजूर नकाशा हातात असला, की मिस्तरी असो नाहीतर अभियंता, त्याच्याशी तुम्हाला नीट बोलता येईल.

आज इथेच थांबते. नमस्कार.